डॉली घ्यायच्या आधी फरशी बघ

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखा विषय नव्हता म्हणून आज निवांत बसून लिहितोय. इंजिन उतरवलेली गाडी गॅरेजच्या मधोमध उभी आहे, ती भिंतीला लागली की दुसरी गाडी आत येईल, आणि त्यासाठी चाकाखालच्या डॉली, म्हणजे टायरखाली ठेवून गाडी हव्या त्या बाजूला सरकवायच्या छोट्या चाकांच्या गाड्या, कुठल्या घेऊ असं विचारलंयस. चार फोटो पाठवलेस, चारही डॉलीचे. फरशीचा एकही नाही, आणि मला आधी तीच बघायचीये.

कारण असं आहे बघ, गाडी चारही डॉलीवर चढली की हँडब्रेक, गिअर, सगळं बाद. टायर जमिनीला टेकतच नाही तर ब्रेक धरणार कशाला? आता बहुतेक गॅरेजच्या फरशीला पाणी बाहेर जावं म्हणून दाराकडे ढाळ दिलेला असतो, डोळ्याला तो दिसतसुद्धा नाही. १०० ला २ ढाळ म्हणजे ५ मीटर लांबीत १० सेंटिमीटर उतार, आणि तेवढ्यावर १,४०० किलोची गाडी जवळजवळ २८ किलोच्या जोराने खाली ओढली जाते. डॉलीची चाकं जितकी चांगली, जितकी सुळसुळीत, तितकं ते जास्त जाणवणार. म्हणून एक पारदर्शक नळी घे, गवंडी लोक वापरतात तशी, पाणी भरून एक टोक मागच्या भिंतीशी आणि एक दाराशी धर आणि फरशीपासून पाण्याची उंची दोन्हीकडे मोज, जो फरक येईल तो तुझा ढाळ. फरशीवर चार-पाच ठिकाणी गोटी ठेवून बघ ती कुठे पळते, कारण आडवा ढाळ असेल तर गाडी भिंतीकडे जाईल आणि तू मध्ये असशील.

फरशीचे सांधे, भेगा, दाराजवळची पाण्याची जाळी, हेही बघ. डॉलीची चाकं साधारण ३ इंचाची असतात, त्यांना एवढीशी खडीसुद्धा डोंगर. हे मी अनुभवाने सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी आणि एक मित्र अशीच गाडी सरकवत होतो, आणि एक साधा नट, आम्हीच काम करताना खाली पाडलेला, एका कॅस्टरखाली, म्हणजे डॉलीच्या सगळीकडे वळणाऱ्या चाकाखाली आला. ती डॉली जागच्या जागी थांबली, आम्हाला वाटलं जड जातंय म्हणून आणखी जोर लावला, तर टायर डॉलीच्या पत्र्याच्या कडेवर चढून खाली उतरला आणि गाडीचा तो कोपरा धाडकन भिंतीकडे गेला. मित्राचा हात गाडी आणि भिंतीच्या मध्ये होता, त्याने क्षणभर आधी ओढून घेतला. तेव्हापासून ढकलण्याआधी मी फरशी झाडतो, मग चुंबक फिरवतो, आणि पुन्हा एकदा झाडतो. तूही तेच कर.

आता डॉली. दोन जाती आहेत. एक म्हणजे मधे खोलगट असलेला जाड पत्रा, खाली चार कॅस्टर, जॅकने एकेक कोपरा उचलायचा आणि टायर त्यात बसवायचा. दुसरी पायाच्या पेडलवाली, टायरच्या पुढे-मागे दोन रोलर येतात, पेडल मारत गेलं की रोलर जवळ येतात आणि टायर आपोआप उचलला जातो, जॅक लागत नाही. दुसरी बघायला फार छान, आणि रोज गाड्या हलवणाऱ्याला ती हवीच, पण तुझी एकच गाडी आहे, महिन्यातून एकदा हलणार, तुला पत्र्याची पुरेल असं माझं स्पष्ट मत. शिवाय पेडलवालीला टायरमधे नीट हवा हवी, मऊ टायर रोलरच्या मधे नुसता दबतो, आणि तुझ्या गाडीचे टायर किती महिने असेच आहेत ते तूच सांग. तरी पेडलवाली घेतलीस तर उचलल्यावर लॉकची पिन घातल्याशिवाय हात सोडायचा नाही.

वजनाचं बघताना सेटवर लिहिलेला मोठा आकडा बघून भुलू नकोस. २,७०० किलो लिहिलं म्हणजे एका डॉलीला ६७५. इंजिन पुढे असलेल्या गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन चाकांवर, म्हणजे १,४०० किलोच्या गाडीत पुढच्या एकेका चाकावर ४२० च्या आसपास. आत्ता इंजिन नाही म्हणून कमी धरू नकोस, ते परत बसणारच आहे. आणि फरशी वर-खाली असली तर एक डॉली जवळजवळ अधांतरी राहते, तिचा भार बाकीच्यांवर जातो, म्हणून हिशोबाच्या दीडपट तरी ताकद हवी.

टायरची रुंदी बाजूलाच छापलेली असते, २०५/५५ आर १६ असेल तर पहिला आकडा रुंदी, २०५ मिलिमीटर. डॉलीचा खोलगट भाग त्याहून रुंद हवा, टायर कडेवर टेकलेला चालत नाही. कॅस्टरमधे बॉल बेरिंग आहे का ते विचार, चाकालाही आणि ते वळतं त्या जागीही. साध्या सिमेंटच्या कोब्यावर लोखंडी चाक सगळ्यात हलकं पळतं, टाइल्स असतील तर पीयूचं (पॉलियुरेथेनचं, रबरासारख्या प्लास्टिकचं) घे, लोखंडी चाक टाइल्सवर ओरखडे काढतं, एखादी तडकवतंसुद्धा. पण पीयूच्या चाकांवर गाडी महिनोन्महिने उभी ठेवली तर ती एका बाजूने चपटी होतात, त्यामुळे जागेवर गेली की गाडी खाली उतरव. निदान दोन डॉलींना लॉक असावं, पण लॉकच्या भरवशावर राहू नकोस, लाकडी ठोकळे हाताशी ठेव.

फक्त मागचा भाग बाजूला घ्यायचा असेल तर मागे दोनच डॉली पुरतात. पण हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो, ती चाकं डॉलीवर गेली की तो असून नसल्यासारखा, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे हवेतच. जॅकने उचलतानाही गाडीच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना ठोकळे, आणि जॅकची स्वतःची चाकं मोकळी राहू देत, गाडी वर जाताना जॅक थोडा सरकतो, त्याला सरकता आलं नाही तर तो गाडीखाली टेकवलेल्या जागेवरून निसटतो.

ढकलताना दोघं तरी हवेत. दिशा बदलली की कॅस्टर आधी उलटे फिरतात, चार डॉलींचे सोळाच्या सोळा, आणि त्या वेळी गाडी वीतभर भलतीकडे झुकते, तेव्हा पहिला धक्का अगदी हळू. पत्र्यावर, स्पॉयलरवर हात नको, चाकाजवळ किंवा दाराच्या खांबाला जोर लाव. उताराच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. आणि डॉलीवर असलेल्या गाडीखाली कधीही, दोन मिनिटांसाठीसुद्धा शिरायचं नाही, खाली काम असेल तर जॅक स्टँड लाव, डॉली त्यासाठी नसतातच.

ऑर्डर द्यायच्या आधी मला तीन गोष्टी पाठव, टायरवरचा नंबर, दाराच्या आणि मागच्या भिंतीच्या लेव्हलमधला फरक, आणि फरशीचा एक फोटो, दिवसाउजेडी काढलेला.