परदेशातील युद्ध-दफनभूमींवरून लष्करी विमाने का नेतात?

तुमचा प्रश्न असा आहे की, महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या परदेशातील दफनभूमींवरून लष्करी विमाने नेऊन मानवंदना देण्याची पद्धत कशासाठी आहे, आणि जिथे लोक एरवी दबक्या आवाजात बोलतात तिथे एवढा गडगडाट करण्यात कसला आदर आहे. मी खारघरला राहतो. मुलगी केंब्रिजला शिकत असताना तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा शहराबाहेरच्या मॅडिंग्ली येथील अमेरिकन दफनभूमीत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे त्यांच्या ‘मेमोरियल डे’ला (युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी), होणारा कार्यक्रम मी पाहिला. त्यानंतर या विषयावर बरेच वाचले. त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

ही माणसे मायदेशी न जाता तिथेच का राहिली, हे आधी पाहायला हवे. ब्रिटनने पहिल्या महायुद्धातच ठरवून टाकले होते की, जो जिथे पडला तिथेच त्याचे दफन होईल, मृतदेह घरी आणला जाणार नाही आणि अधिकारी असो वा साधा शिपाई, कबरीवरचा दगड सर्वांना सारखाच मिळेल. अमेरिकेने मात्र निर्णय घरच्यांवर सोपवला. दुसऱ्या महायुद्धानंतर 1,71,000 हून अधिक मृतदेह कुटुंबांच्या इच्छेनुसार अमेरिकेत नेण्यात आले. उरलेल्यांची व्यवस्था 1923 साली स्थापन झालेला तिथला युद्धस्मारक आयोग पाहतो. याचा अर्थ असा की, ज्यांच्या कबरी युरोपात आहेत त्यांचे आईवडील, बायकामुले समुद्रापलीकडे राहिली आणि त्यांच्यापैकी अनेकांना तिथवर कधी जाताच आले नाही. नेदरलँड्समधील मार्ग्राटन येथील अमेरिकन दफनभूमीत गावोगावच्या डच कुटुंबांनी 1945 पासून एकेक कबर दत्तक घेतली, तिच्यावर फुले वाहिली आणि ती जबाबदारी पुढच्या पिढीकडे सोपवली. हवाई मानवंदना मला याच प्रकारातली वाटते. घरचे येऊ शकत नाहीत, तेव्हा जवळ असलेले कोणीतरी आठवणीने येऊन जाते.

मॅडिंग्लीला येणारी विमाने बहुधा इंग्लंडमधील मिल्डेनहॉल आणि लेकनहीथ या तळांवरची असतात. मिल्डेनहॉलच्या 100 व्या विंगच्या इंधनवाहू विमानांच्या शेपटीवर काळ्या चौकोनात ‘डी’ हे अक्षर रंगवलेले असते. तेच चिन्ह 1943 मध्ये नॉरफोकमधील थॉर्प अ‍ॅबट्स येथून उडणाऱ्या 100 व्या बाँबर ग्रुपच्या विमानांवर होते. 10 ऑक्टोबर 1943 रोजी जर्मनीतील म्युन्स्टरपर्यंत पोचलेल्या त्या ग्रुपच्या तेरा विमानांपैकी फक्त एक परत आले. त्या अक्षराखाली आज उडणाऱ्या वैमानिकाने आपल्याच तुकडीतल्या माणसांवरून जावे, हे मला एखाद्या नेत्याच्या भाषणापेक्षा कितीतरी अर्थपूर्ण वाटते.

आता आवाजाविषयी. मॅडिंग्लीत सुमारे 3,800 कबरी आहेत आणि एका लांबलचक भिंतीवर ज्यांचे देह सापडलेच नाहीत अशा 5,127 जणांची नावे कोरलेली आहेत. इंग्लंडमधून लढलेल्या अमेरिकेच्या आठव्या हवाई दलातील 26,000 हून अधिक माणसे युद्धात मारली गेली. त्यामुळे इथे पायदळातले आणि आरमारातले लोक असले तरी उडणाऱ्यांचा भरणा मोठा आहे. सकाळी किती विमाने गेली आणि संध्याकाळी किती परतली, हे आसपासच्या खेड्यांतले लोक आवाजावरून आणि आकाशाकडे पाहून मोजत असत. अशा माणसांच्या स्मृतिदिनी इंजिनाचा आवाज परका ठरत नाही. भिंतीजवळ मी बराच वेळ उभा होतो. नातेवाईक आले की तिथला कर्मचारी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरची ओली वाळू कोरीव अक्षरांत चोळतो आणि जास्तीची पुसून घेतो. मग पांढऱ्या दगडात एरवी न दिसणारे नाव तपकिरी होऊन छायाचित्रात स्पष्ट उमटते. पुढे ज्याचे अवशेष सापडले आणि ओळख पटली, त्याच्या नावाशेजारी धातूचे लहानसे फूल बसवलेले असते.

‘मिसिंग मॅन’ (हरवलेला माणूस) म्हणून ओळखली जाणारी रचना बहुतेकांनी चित्रफितीत तरी पाहिलेली असते. चार विमाने जवळजवळ उडत येतात, समारंभाच्या जागेवर पोचताच त्यांतले एक एकदम वर चढून निघून जाते आणि उरलेली तीन आपापली जागा न सोडता, रिकामी झालेली जागा तशीच ठेवून, सरळ पुढे जातात. काही वेळा ती जागा सुरुवातीपासूनच मोकळी ठेवतात. आपल्याकडेही हे होते: 27 मे 2019 रोजी कारगिल युद्धातील स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांच्या स्मरणार्थ पंजाबमधील भिसियाना तळावर मिग-21 विमानांनी अशीच मानवंदना दिली, आणि तत्कालीन हवाई दलप्रमुख बी. एस. धनोआ त्या रचनेचे नेतृत्व करत होते.

हे दिसते तितके सोपे नाही. ताशी साडेपाचशे किलोमीटर वेगाने येणारे विमान मिनिटाला नऊ किलोमीटर कापते. म्हणजे पुष्पचक्रे वाहण्यात अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तरी ते साडेचार किलोमीटर पुढे निघून गेलेले असते. म्हणून विमाने दूर एका ठरावीक जागी घिरट्या घालत थांबतात आणि जमिनीवर रेडिओ घेऊन उभा असलेला अधिकारी त्यांना कार्यक्रम कुठवर आला ते सांगत राहतो. मी पाहिले तेव्हा तो अधिकारी झाडाखाली, सर्वांकडे पाठ करून, घड्याळ आणि बिगुलवाला यांच्याकडे आळीपाळीने पाहत होता. नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर 11 ऑक्टोबर 2024 रोजी हवाई दलाचे पहिले विमान उतरले आणि सुखोई धावपट्टीवरून गेले, तेव्हा उलवे-पनवेल भागातल्या लोकांनी अनुभवले असेल की, विमान नजरेत आधी भरते आणि त्याचा खरा गडगडाट मागाहून येऊन आदळतो. दफनभूमीत हेच शेवटच्या बिगुलानंतरच्या स्तब्धतेत घडते.

खर्चाचा आक्षेप नेहमी घेतला जातो. अमेरिकी सैन्याचे म्हणणे असे की, हे तास वैमानिकांच्या ठरलेल्या सरावातूनच दिले जातात आणि दिलेल्या सेकंदाला दिलेल्या ठिकाणी पोचणे हा त्या सरावाचाच भाग आहे. मला ते पटते. क्रीडासामन्यांपूर्वी होणाऱ्या उड्डाणांविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. तिथे टाळ्या मिळवणे हाच हेतू असतो आणि त्यामुळे दफनभूमीवरच्या मानवंदनेकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

मला मनापासून खुपते ते आपल्या माणसांबाबत. पहिल्या महायुद्धातील 4,700 हून अधिक बेपत्ता भारतीयांची नावे फ्रान्समधील नव-शापेल येथील स्मारकावर आहेत. माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे, 10 जुलै 1944 रोजी इटलीत लढताना पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. त्यांची कबर नाही, नाव इटलीतील कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. पहिल्या महायुद्धातील लढाऊ वैमानिक इंद्रलाल रॉय एकोणिसाव्या वर्षी, 22 जुलै 1918 रोजी पडले. ते नव-शापेलच्याच परिसरात एस्तव्हेल गावी विसावले आहेत आणि त्यांच्या कबरीवर बंगाली अक्षरे आहेत. 14 जुलै 2009 रोजी मराठा लाइट इन्फंट्री फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी पॅरिसच्या संचलनात चालली, 14 जुलै 2023 रोजी भारतीय हवाई दलाची राफेल विमाने त्याच शहरावरून गेली. तिथून नव-शापेल साधारण दोनशे किलोमीटरवर, म्हणजे लढाऊ विमानाला अर्ध्या तासाच्याही आतले अंतर आहे. यजमान देशाची परवानगी घ्यावी लागते, हे खरे. पण पॅरिसवरून उडण्यासाठी ती मिळाली होती. पुढच्या वेळी आपली विमाने फ्रान्सला गेली, तर त्यांच्या मार्गात नव-शापेल आणि एस्तव्हेल ही दोन ठिकाणे असावीत, अशी माझी मागणी आहे, आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी ती संरक्षण मंत्रालयाकडे लेखी करावी असे मला वाटते.