विचारा सिस्टरना: सगळ्यांना ऐकू येतं, मला का नाही?

प्रश्न: सिस्टर, मी कोल्हापुरात जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, शेवटच्या वर्षाला आहे. सध्या मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग आहे. राउंडला सर म्हणतात, "मर्मर आहे, ऐका." मी स्टेथो लावते, मान डोलावते, पण ठोक्यांमधली ती मर्मरची फुसफुस नाही, मला नुसती धडधड ऐकू येते. पहिला आवाज कुठला, दुसरा कुठला, तेही कळत नाही. माझ्या कानात दोष आहे का? की महागडा स्टेथो घ्यावा लागेल? घरी पैसे मागायचं जिवावर येतं. – एक विद्यार्थिनी

उत्तर: बीपी घेताना ठोके नीट ऐकू येतात ना तुला? मग कानाची काळजी सोड. पैसेही आत्ता मागू नकोस. साध्या दोन तोंडांच्या स्टेथोवर सगळं शिकता येतं. कानातली बोंडं घट्ट बसली पाहिजेत, त्यांची तोंडं पुढं नाकाच्या दिशेला हवीत आणि नळीला चीर नको. छातीवर ठेवण्याआधी डायफ्रामवर, म्हणजे पडदा असलेल्या चपट्या तोंडावर, हलकी टिचकी मारून बघ. आवाज आला नाही तर बेलची, म्हणजे छोट्या वाटीसारखी, बाजू चालू आहे, तोंड फिरवून घे.

तुझी अडचण दुसरीच आहे. तू स्टेथो लावल्या लावल्या मर्मर शोधायला लागतेस. काही आठवडे मर्मरचं नाव काढू नकोस. पहिला आवाज ओळखायचा, एवढंच काम धर.

त्यासाठी आधी जागा. गळ्याखालच्या खळगीत बोट ठेव आणि छातीच्या मधल्या हाडावरून सावकाश खाली ये. दोन-तीन बोटांवर एक आडवा उंचवटा लागेल. दुसरी बरगडी तिथंच जोडलेली असते. तिच्या खालची फट म्हणजे दुसरी. तिथं उजवीकडं एऑर्टिक झडप ऐकायची, डावीकडं पल्मोनरी. आता डावीकडून एकेक फट मोजत पाचव्या फटीपर्यंत उतर आणि गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर थांब. ही मायट्रलची जागा. चौथ्या-पाचव्या फटीत हाडाला लागून डावीकडं ट्रायकस्पिड. नजरेच्या अंदाजानं स्टेथो ठेवू नकोस, बरगड्या मोजच. बाईपेशंट असेल तर पडदा ओढ, आधी सांग, मग डावा स्तन तळहाताच्या पाठीनं वर उचलून त्याखाली स्टेथो ठेव. पोलक्यावरून ऐकलेलं काही कामाचं नाही, कापड घासल्याचा आवाज मर्मरसारखाच येतो. मंगळसूत्राचे मणीही डायफ्रामवर घासतात. ते काढायला लावायचं नाही, विचारून खांद्यावर सरकवायचं. वरचा पंखा दोन मिनिटं बंद कर आणि शेजारच्या नातेवाइकांना भडंगाची पिशवी खाली ठेवायला सांग. ऐकतात लोक, नीट बोललं की.

आता मायट्रलच्या जागी डायफ्राम दाबून धर आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं मानेच्या नाडीवर हलकी ठेव. एकाच बाजूला, चोळायचं नाही. नाडीच्या ठोक्याबरोबर जो आवाज येतो तो पहिला. मनगटाची नाडी यासाठी चालत नाही, ती तिथं पोचेपर्यंत उशीर होतो. पहिला आवाज मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटण्याचा, दुसरा एऑर्टिक आणि पल्मोनरी मिटण्याचा, हे तुला पाठ असेलच. म्हणूनच खाली पहिला मोठा लागतो आणि वर दुसऱ्या फटीत दुसरा मोठा. स्टेथो इंच-इंच वर सरकवत ने आणि ही अदलाबदल होताना ऐक. माझ्या हाताखालच्या बऱ्याच मुलींचा कान या सरकवण्यातच उघडला.

सुरुवात निरोगी माणसापासून कर. बहीण, मैत्रीण, तालमीत जाणारा भाऊ. व्यायामाच्या पोरांचे ठोके साठच्या खालीही असतात, मधे भरपूर मोकळी जागा मिळते. नव्वदच्या पुढं दोन्ही मोकळ्या जागा सारख्या वाटायला लागतात आणि शिकणारा गोंधळतो. तापाच्या पेशंटवर शिकायला बसू नकोस.

दोन्ही आवाज पक्के झाले की मग मधल्या शांततेकडं कान दे. पहिल्यानंतर आणि दुसऱ्याच्या आधी काही फुसफुसतंय का? मग दुसऱ्यानंतर. एका वेळी एकच जागा. आपल्या सीपीआर रुग्णालयाला राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्यापासून पेशंट येतात, त्यांत लहानपणी संधिवाताचा ताप येऊन मायट्रल झडप आकसलेल्या बायका तुला भेटतील. तो मर्मर खालच्या पट्टीतला असतो. पेशंटला डाव्या कुशीवर वळव आणि बेल नुसती टेकव. दाबलीस तर कातडी ताणून तिचा डायफ्राम होतो आणि आवाज नाहीसा होतो.

स्टेथोस्कोप १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेकनी शोधला. दुसरा आवाज हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा, असा त्यांचाही समज होता. झडपांचा उलगडा नंतर झाला. तेव्हा तुला वेळ लागतोय यात लाजण्यासारखं काही नाही. राउंडला मान डोलावू नकोस. "सर, मला नाही ऐकू आलं, स्टेथो कुठं ठेवू?" एवढं विचार. चांगला डॉक्टर तुझा हात धरून जागेवर ठेवेल.

मर्मरला नाव देणं हे सरांचं काम. पण पेशंटजवळ सबंध ड्यूटी तू असतेस. हार्ट अटॅकच्या पेशंटला पहिल्या आठवड्यात एकाएकी दम लागला आणि काल स्वच्छ असलेल्या छातीत मोठा मर्मर आला, तर झडपेचा आधार तुटलेला असू शकतो किंवा हृदयाच्या मधल्या पडद्याला भोक पडलेलं असू शकतं. तिथं मिनिटं मोलाची. तसंच सुजलेल्या पायांच्या, धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत टांग्याच्या घोड्यासारखे तीन ठोके लागले तर लगेच कळव. "काल दोन होते, आज तीन वाटतायत" एवढं सांगितलंस तरी पुरे. पण ते सांगायला काल ऐकलेलं असावं लागतं. म्हणून ड्यूटीवर आल्यावर हँडओव्हर झाला की आपल्या पेशंटची छाती ऐकत जा, कुणी सांगो न सांगो. आणि दोन पेशंटच्या मधे डायफ्राम स्पिरिटनं पुसत जा.

प्रश्न: डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी देण्याआधी मी मनगटावर नाडी मोजतो. सिनिअर म्हणतात छातीवर मोजा. फरक पडतो का? – स्टाफ ब्रदर, गडहिंग्लज

उत्तर: पडतो. सिनिअरांचं बरोबर आहे. ज्यांचे ठोके अनियमित असतात त्यांचे काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. स्टेथो मायट्रलच्या जागी ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. मोठ्या माणसात साठच्या खाली आले तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवा. ठोके अनियमित असतील तर जोडीला एकाला घ्या, एकानं छातीवर आणि दुसऱ्यानं मनगटावर, एकाच घड्याळावर, एकाच मिनिटात मोजायचं. चार्टवर दोन्ही आकडे लिहा: छाती ९८, मनगट ७६.