पोर्टेबल एक्सरेला भिंती नसतात : तुमचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या लेखात पोर्टेबल एक्सरे मशीनबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर कोल्हापूरजवळच्या गांधीनगरपासून गडहिंग्लजपर्यंत भरपूर आले. नावं देत नाहीये, सारखे प्रश्न एकत्र केलेत. आधी एकच सांगते, कारण सगळ्या उत्तरांत ते येणार आहे. खोलीतल्या एक्सरेला जाड भिंत असते, शिशाचं दार असतं, कंट्रोलपाशी आडोसा असतो. पोर्टेबल वॉर्डात नेलं की यातलं काहीच सोबत येत नाही. मग भिंतीचं काम अंतरानं करायचं आणि मशीन हाताळणाऱ्याच्या सवयीनं, दुसरा इलाज नाही.

प्रश्न (राजारामपुरीतल्या आयसीयूतल्या सिस्टर) : पोर्टेबल आलं की आम्ही सगळ्या बाहेर पळतो, पण व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला सोडून जायला जीव होत नाही. किती लांब थांबलं तर चालतं? मला आता तिसरा महिना आहे, म्हणून जास्त भीती वाटते.

सिस्टर, आधी अभिनंदन. आणि पळायची गरज नाही, नीट लांब थांबायची गरज आहे, हे दोन वेगळं आहे बघा. छातीच्या एका एक्सरेत पेशंटला स्वतःला साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं माप) डोस मिळतो, आणि आपल्याला माती, हवा, अन्न यातून निसर्गतःच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतो. म्हणजे पेशंटचा डोसच तीनेक दिवसांच्या नैसर्गिक डोसएवढा. तुमच्यापर्यंत येतं ते पेशंटच्या अंगावर आपटून इकडंतिकडं विखुरलेलं, त्याला आम्ही स्कॅटर म्हणतो, आणि पेशंटपासून एक मीटरवर ते पेशंटवर पडलेल्याच्या साधारण हजाराव्या भागाएवढं उरतं. अजून मागं सरकलात की झपाट्यानं कमी होतं, दोन मीटरवर एक मीटरच्या चौथा हिस्सा, तीन मीटरवर नववा. कॉटची लांबी साधारण दोन मीटर असते, तेवढं अंतर डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे टेप लागत नाही.

मॉनिटर दिसेल अशा जागी दोन-तीन मीटरवर थांबलात तर पेशंटवर लक्षही राहतं. पेशंटची श्वासाची ट्यूब धरायची, ॲम्बू (हातानं श्वास द्यायची पिशवी) दाबायची वेळ असेल तर ते काम दुसऱ्या सिस्टरनी शिशाचा ॲप्रन घालून करायचं, तुम्ही नाही, यात संकोच करू नका. प्रेग्नन्सी इन्चार्जना लेखी कळवा. तुम्ही रेडिएशन वर्कर म्हणून नोंदलेल्या असाल तर कळवल्यापासून डिलिव्हरीपर्यंत बाळाला १ मिलिसिव्हर्टच्या वर डोस जाता कामा नये अशी मर्यादा आहे, आणि लांब थांबण्याची शिस्त पाळली तर तुम्ही त्याच्या जवळपासही जाणार नाही.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. नेहमीचा फोटो वरून खाली असतो, किरण गादीकडं जातात. पण छातीत साठलेलं पाणी किंवा हवा बघायला पेशंटला कुशीवर करून आडवा फोटो काढतात तेव्हा मेन बीम सरळ पलीकडच्या कॉटच्या दिशेनं जातो, तिथं कोण आहे ते आधी बघा, आणि त्या रेषेत तीन मीटरवर सुद्धा उभं राहू नका, कारण तिथं स्कॅटर नाही, मेन बीम आहे. टेक्निशियननी "एक्सरे" असं मोठ्यानं म्हणून दोन सेकंद थांबायचं आणि मगच बटण दाबायचं. तुमच्याकडं तसं होत नसेल तर हक्कानं मागा.

टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा बिल्ला) मिळाला असेल तर तो छातीवर, ॲप्रनच्या आत लावायचा. ॲप्रनवरच अडकवून ॲप्रन एक्सरे रूममध्ये टांगून जायचं, हे मी फार ठिकाणी बघितलंय. मग तीन महिन्यांनी रिपोर्ट येतो तो ॲप्रनचा, माणसाचा नाही. आणि ॲप्रन टांगूनच ठेवा, घडी घातली की आतलं शिसं भेगाळतं आणि वरून काही कळत नाही, वर्षातनं एकदा त्याचाच एक्सरे काढून बघायचा.

प्रश्न (इचलकरंजीचे टेक्निशियन) : आमचं १०० एमएचं (मिलिअँपिअर, ट्यूबमधला करंट) जुनं पोर्टेबल खाली एक्सरे रूममध्ये मस्त फोटो देतं, दुसऱ्या मजल्यावर जनरल वॉर्डात नेलं की फोटो फिका. तिथं मी केव्ही (किलोव्होल्ट, ट्यूबचं व्होल्टेज) वाढवून भागवतोय. मशीनमध्ये दोष आहे का?

मशीनला कशाला दोष देताय भाऊ, आधी वॉर्डातला बोर्ड बघा. बॅटरीवर न चालणारं १०० एमएचं मशीन ८० केव्हीला त्या क्षणापुरतं पाच-सहा किलोवॅट ओढतं, म्हणजे २५ अँपिअरच्या आसपास करंट. वॉर्डात प्लग लांब असतो म्हणून तुम्ही एक्स्टेन्शन लावत असणार, बहुतेक टीव्ही-पंख्याचीच बारीक वायर. त्या वायरीचा आणि ढिल्या पिनांचा मिळून रेझिस्टन्स समजा एक ओहम झाला, तर २५ व्होल्ट वाटेतच गेले, २३० मधले. म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. केव्ही दहा टक्के पडला की प्लेटवर पोचणारं एक्सपोजर साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतं, कधी त्याहून जास्त. फोटो फिका नाही आला तरच नवल.

एक्सपोजर झाल्यावर प्लग काढून पिना बघा, काळ्या पडल्या असतील किंवा सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडून वाकलं असेल तर दोष सापडला समजा. प्रत्येक वॉर्डात जाड वायरचा वेगळा पॉवर पॉइंट आणि त्याला खरी अर्थिंग असली पाहिजे, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, तिसरं भोक दिसतंय म्हणजे अर्थ आहे असं नसतं. लोखंडी कॉट, ओली फरशी, सलाईन, आणि मध्ये हे मशीन, इथं काटकसर नको.

केव्ही वाढवून भागवण्यात धोका असा की उद्या तेच सेटिंग तुमच्या बदलीचा माणूस खालच्या चांगल्या पॉइंटवर वापरेल आणि पेशंटला उगाच जास्त डोस जाईल. जुन्या फिल्मवर ते काळं दिसायचं, लगेच कळायचं. आता सीआर-डीआरवर, म्हणजे डिजिटल एक्सरेवर, सॉफ्टवेअर फोटो सरळ करून दाखवतं, म्हणून जास्त एक्सपोजर नजरेला कळतच नाही. स्क्रीनवर एक्सपोजर इंडेक्सचा, म्हणजे प्लेटवर किती एक्सपोजर पोचलं त्याचा, आकडा येतो तो रोज बघायची सवय लावा. आणि हो, बटणाच्या पहिल्या टप्प्यावर, म्हणजे ट्यूबमधला रोटर फिरवून, पेशंट श्वास कधी धरतोय म्हणून वाट बघत बसू नका, फिलामेंट त्या वेळात पूर्ण तापलेलं असतं आणि ट्यूबचं आयुष्य तिथंच संपत जातं. आधी पेशंटला सांगा, मग दाबा.

प्रश्न (एका पेशंटचे नातेवाईक, कळंबा) : वडिलांच्या शेजारच्या कॉटवर रोज एक्सरे काढतात. आम्ही नंतर खिडक्या उघडतो, पांघरूण बदलतो. रेडिएशन किती वेळ राहतं?

अजिबात राहत नाही. दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसंच हे, बटण सोडलं की संपलं. पांघरुणात, हवेत, जेवणाच्या डब्यात काही उरत नाही. खिडकी वाऱ्यासाठी उघडा.

फक्त कधी लहान मुलाला धरायची वेळ आली तर ऐका : धरणारा माणूस घरचा असावा, पोटुशी बाई किंवा अठराच्या आतलं पोर नसावं, ॲप्रन मागून घ्यावा, आणि हात लाइटच्या चौकोनाबाहेर ठेवावेत. रोज तिथंच काम करणाऱ्या टेक्निशियननी किंवा मावशींनी प्रत्येक पेशंट धरायचा नसतो, त्यांना ते रोजचं होतं.

प्रश्न (कागलजवळच्या छोट्या हॉस्पिटलचे डॉक्टर) : सेकंड हँड पोर्टेबल स्वस्तात मिळतंय. ओपीडीतल्या कोपऱ्यात ठेवून वापरलं तर चालेल ना?

डॉक्टर, स्पष्टच सांगते, तसं नाही चालणार. पोर्टेबल हे हलवता न येणाऱ्या पेशंटसाठी असतं. रोज एकाच कोपऱ्यात दहा-वीस फोटो काढायचे असतील तर ती एक्सरे रूमच झाली, मग भिंती, दार, लेआउट सगळं एक्सरे रूमचंच लागतं. शेजारी वेटिंगमध्ये बसलेल्यांना रेडिएशनची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे, आणि पार्टिशनच्या प्लायवूडनं काहीही अडत नाही.

जुनं असो की नवं, एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा पोर्टलवर हॉस्पिटलची नोंदणी, मशीन घ्यायची परवानगी, वापरायची परवानगी, हे सगळं लागतं, आणि मशीन आधीच्या मालकाच्या नावावरून रीतसर सुटलेलं असायला हवं. नुसती पावती घेऊन येऊ नका. क्यूए टेस्ट (मशीन नीट चालतं का याची तपासणी) दोन वर्षांतनं एकदा आणि ट्यूबसारखं मोठं काम झालं की लगेच.

बघायला जाल तेव्हा ट्यूब हेडच्या खालून पांढरा टिश्यू फिरवा, तेलाचा डाग आला तर मशीन सोडून द्या. उतारावर ब्रेक लावून सोडून बघा. आर्म जिथं ठेवला तिथंच राहतो की हळूहळू खाली येतो, पेशंटच्या तोंडावर यायचा तो. एक्सपोजरची कॉर्ड पूर्ण ताणून मोजा, दोन मीटरला कमी भरली तर टेक्निशियन लांब उभाच राहू शकणार नाही. आणि बटण मध्येच सोडल्यावर एक्सपोजर तिथंच तुटतं का तेही विक्रेत्याला दाखवायला लावा.

प्रश्न (टेक्निशियन, गडहिंग्लज) : कोलिमेटरचा (एक्सरेचा चौकोन लाइटनं दाखवणाऱ्या आणि लहान-मोठा करणाऱ्या पेटीचा) बल्ब बदलल्यापासून लाइट एकीकडं आणि फोटो दुसरीकडं येतोय असं वाटतं. घरच्या घरी तपासता येतं का?

येतं, आणि तुम्हाला शंका आली हेच फार चांगलं झालं. बल्ब थोडा जरी सरकून बसला तरी लाइटचा चौकोन सरकतो, एक्सरे मात्र जिथं पडायचा तिथंच पडतो. म्हणजे लाइटमध्ये छाती दिसते आणि एक्सरे जातो गळ्यावर किंवा पोटावर.

दहा रुपयांची आठ नाणी घ्या. दहा बाय बारा इंचाची प्लेट टेबलावर सपाट ठेवा, ट्यूब बरोबर १०० सेंटिमीटरवर, अगदी उभी. लाइट १५ बाय २० सेंटिमीटर उघडा. आता चारही कडांच्या मधोमध दोन-दोन नाणी ठेवा, एक लाइटच्या आत कडेला टेकून, दुसरं बाहेर कडेला टेकून, म्हणजे कड बरोबर दोन नाण्यांच्या मधून जाईल. कोणती बाजू तुमच्याकडची ते कळायला एका कोपऱ्यात लेड मार्कर ठेवा, हे विसरलात तर सगळं परत करावं लागतं. ५० केव्ही, दोन-तीन एमएएस (करंट गुणिले वेळ), आणि मागं सरकून एक्सपोजर.

फोटोत आतली चारही नाणी पूर्ण दिसली आणि बाहेरची दिसली नाहीत तर सगळं ठीक. एका बाजूचं आतलं नाणं कापलं गेलं आणि समोरच्या बाजूला बाहेरचं दिसायला लागलं तर फील्ड तेवढं सरकलंय. नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून अंदाज येतो. समोरासमोरच्या दोन कडांची चूक मिळून अंतराच्या दोन टक्के, म्हणजे १०० सेंटिमीटरला २ सेंटिमीटर, याच्या वर गेली तर सर्व्हिस इंजिनिअर येईपर्यंत मशीन बाजूला ठेवा. हा फोटो तारीख घालून जपा, पुढच्या वेळी ताडून बघता येतो.

त्यांनी अजून विचारलंय की कोल्हापुरातल्या उद्यमनगरातनं, म्हणजे कारखान्यांच्या भागातनं, काम करून घेतलं तर चालेल का. चाकाचं बुश, हँडल, ब्रॅकेट जरूर करून घ्या, आपल्या उद्यमनगरातल्या लेथवर जे होतं ते भल्याभल्यांना जमत नाही. पण ट्यूब हाउसिंग आणि कोलिमेटर तिथं उघडायचा नाही. आतल्या शिशाच्या पत्र्यामुळं एक मीटरवरची गळती तासाला १ मिलिग्रेच्या (हेही रेडिएशनचंच माप) आत राहते, तो पत्रा जरा सरकला तर गळती डोळ्याला दिसत नाही, मीटरनंच कळते.

प्रश्न (शिरोळ भागातलं हॉस्पिटल) : पुराच्या वेळी मशीन तळमजल्यावर असतं. भिजलं तर वाळवून चालू करता येतं का? आणि पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

भिजलेलं मशीन चालू करून बघायचं नाही, एकदा सुद्धा नाही. वरून कोरडं दिसलं तरी हाय टेन्शन केबलच्या टोकाशी आणि बॅटरीच्या पेटीत ओल राहते, गाळ राहतो, तिथं हजारो व्होल्ट सोडायचे म्हणजे मशीनही जाईल आणि माणूसही. मशीन पाण्यात उभं असेल तर आधी मेन सप्लाय बंद करा, बॅटरीवालं असेल तर प्लग काढला तरी त्यात करंट असतो हे लक्षात ठेवा, आणि कंपनीचा माणूस येऊन तपासून, क्यूए होईपर्यंत "वापरू नये" असा कागद चिकटवा.

त्याआधीच हलवणं सगळ्यात चांगलं. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. तुमच्याकडच्या नद्यांचे आकडे वेगळे, पण रीत तीच : इशाऱ्यालाच मशीन वरच्या मजल्यावर न्या, धोक्याची वाट बघू नका, कारण तोवर लिफ्ट बंद केलेली असते आणि शेकड्यांनी किलोचं मशीन जिन्यावरून जात नाही. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवे बंद झाला तेव्हा पुण्याहून इंजिनिअर येणं शक्यच नव्हतं.

पूर नसला तरी गगनबावडा, राधानगरी पट्ट्यात दमटपणा फार. मशीन भिंतीपासून लांब कोरड्या खोलीत ठेवा, सकाळी पहिल्या पेशंटआधी मॅन्युअलप्रमाणं वॉर्म अप करा. ट्यूबमधनं चटचट आवाज आला तर थांबा. पुसायला फडकं ओलं करा, सॅनिटायझर थेट मशीनवर फवारू नका, आणि पुसायच्या आधी प्लग काढा. बॅटरीवालं मशीन पावसाळाभर पडून राहणार असेल तरी चार्जिंगला विसरू नका, पूर्ण उतरलेली लेड ॲसिड बॅटरी तशीच राहिली की बहुतेक वेळा परत उभी राहत नाही. हलवल्यावर वर नेऊन चार्जिंगला लावायची जागा कुठली, तो पॉइंट जाड वायरचा आहे का, आणि रात्री पाणी वाढलं तर किल्ली कुणाकडं असते, एवढं आत्ताच ठरवून भिंतीवर लावा.