कंडोम फाटून ३० तास झाले, घरी केलेली एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली. आता निश्चिंत राहू का? बाकीच्या विषाणूंचं काय?

नाही, इतक्यात नाही. आज निगेटिव्ह आलेलं किट परवा रात्रीबद्दल काहीच सांगत नाही. फार तर तीन महिन्यांपूर्वीपर्यंत तुम्हाला लागण नव्हती, एवढंच त्यातून कळतं. पण तुमच्या हातात अजून ४२ तास आहेत, आणि सध्या चाचणीपेक्षा त्यांचं मोल जास्त आहे.

संपर्क झाल्यावर घ्यायच्या एचआयव्ही-प्रतिबंधक औषधांना पेप म्हणतात. ती ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. सुरुवातीला विषाणू श्लेष्मल त्वचेतल्या (आतल्या ओलसर नाजूक त्वचेतल्या) मोजक्या पेशींत असतो, तिथून लसिका ग्रंथींत जातो. पेशीच्या डीएनएत त्याने एकदा घर केलं की त्याला बाहेर काढता येत नाही. त्याआधी गाठायचं तर २४व्या तासाचा डोस ७०व्या तासाच्या डोसपेक्षा केव्हाही बरा. म्हणून उद्याची अपॉइंटमेंट घेत बसू नका, आजच रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि "संपर्क अमुक वाजता झाला, पेप हवं आहे" असं स्पष्ट सांगा. रक्त तपासायला द्यायचंच, पण पहिली गोळी रिपोर्टसाठी थांबवायची नसते.

नेहमीचा कोर्स म्हणजे टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिग्रॅ, दिवसातून एकदा, पूर्ण २८ दिवस. घोळ होतो तो दोन ठिकाणी. आठ-दहा दिवसांनी मळमळ होते, जोडीदाराचा रिपोर्ट निगेटिव्ह असल्याचं कानावर येतं आणि माणूस परस्पर गोळ्या सोडून देतो. दुसरं म्हणजे ॲसिडिटीच्या गोळ्या. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेलं अँटासिड डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच धरून ठेवतं, त्यामुळे डोस अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यायचा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही उपाशीपोटी हेच अंतर लागतं; जेवणाबरोबर मात्र त्या एकत्र चालतात. टेनोफोविरमुळे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी, करतात. हिपॅटायटिस बी आधीपासून आहे का हेही बघून घ्या, कारण यातली दोन औषधं तो आजार दाबून ठेवतात आणि एकदम थांबवली तर यकृताला सूज येऊ शकते.

जोडीदाराला एचआयव्ही असून उपचार नियमित चालू असतील आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सातत्याने मिलीलीटरमागे २०० प्रतींच्या खाली असेल, तर संबंधातून लागण होत नाही. तेव्हा पेपची गरज सहसा नसते. मात्र हे तोंडी आश्वासनावर ठरवू नका, रिपोर्ट बघा.

पेप घेतल्यावर चाचणी संपर्कानंतर ४ ते ६ आठवड्यांनी आणि पुन्हा १२ आठवड्यांनी. तोवर कंडोम वापरा आणि रक्तदान करू नका.

सगळे विसरतात तो हिपॅटायटिस बी. माझ्या मते खरा निष्काळजीपणा इथेच होतो, कारण हा एचआयव्हीपेक्षा सहज पसरतो आणि त्यावर लस असूनही कोणी विचारत नाही. लस घेतलेली नसेल तर पहिला डोस आजच, शक्यतो २४ तासांत म्हणतात पण उशीर झाला तरी घ्याच. पुढचे डोस १ आणि ६ महिन्यांनी. जोडीदार एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह असेल तर लसीबरोबर दुसऱ्या जागी इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शनही द्यावं लागतं, वजनाच्या किलोमागे ०.०६ मिली, म्हणजे ६० किलोला ३.६ मिली. त्याला १४ दिवसांची मर्यादा आहे.

हर्पीसला असं आणीबाणीचं औषध नाही. भीतीपोटी हर्पीसची आयजीएम (प्रतिपिंड शोधणारी) रक्तचाचणी करू नका; ती खोटी पॉझिटिव्ह येते आणि जुना-नवा संसर्ग वेगळा दाखवत नाही. २ ते १२ दिवसांत जळजळ होऊन फोड आले तर ते ताजे असतानाच स्वॅब घेऊन पीसीआर (विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) करा. खपली धरल्यावर स्वॅबमध्ये विषाणू सापडण्याची शक्यता कमी होते. पहिल्या वेळी व्हॅलासायक्लोविर १ ग्रॅम दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस. मलमाने फारसं काही होत नाही. विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत राहतोच, पण वारंवार त्रास होणाऱ्यांनी रोज ५०० मिग्रॅ घेतल्यास जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं.

गुप्तांगावर चामखिळी आणणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी आत्ता करण्यासारखं काही नाही. चामखिळी उगवायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. आल्या तर ०.५ टक्के पोडोफिलोटॉक्सिन ३ दिवस दोन वेळा लावून ४ दिवस थांबायचं, असे चार फेरे; गरोदरपणात हे चालत नाही. एचपीव्हीची लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही, विषाणूचे अजून न लागलेले प्रकार अडवते.

कंडोम का फाटला तेही बघा. तेल किंवा व्हॅसलीन लॅटेक्सला काही मिनिटांत कमकुवत करतं, पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण करत नाही. एकावर एक दोन घातले की घर्षणाने उलट लवकर फाटतात. टोकात अडकलेली हवा आणि कोरडेपणा ही बाकीची नेहमीची कारणं. आणि अँटिसेप्टिकने आतून धुऊ नका, त्याने नाजूक त्वचा सोलवटते आणि विषाणूचं फावतं.