सुपरचार्जर असलेल्या जुन्या गाडीचा सायलेन्सर मोकळा केला तर बूस्ट कमी होतो का?

तुम्ही लिहिलंय: गाडी वीस वर्षांची, सकाळी गार असताना टकटक आवाज येतो, 4000 आरपीएमच्या वर ओढत नाही, सायलेन्सर बदलायचाय, पण जाणकार मित्र म्हणतो जाड पाइप घातला तर बूस्ट पडेल. तर कोणता सायलेन्सर घ्यावा?

बूस्ट, म्हणजे सुपरचार्जर (इंजिनच्या बेल्टवर फिरून हवा आत ढकलणारं यंत्र) इंजिनच्या दारात तयार करतो तो जादा दाब, पडेल. पडायलाच हवा. याच एका वाक्यावरून माझं आणि दादाचं तीन वर्षं बिनसलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची गाडी बाबांची. 1.8 लिटर, चार सिलिंडर, रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर. बाबांनंतर ती दादाने वापरली आणि नंतर माझ्याकडे आली. देताना त्याने बूस्टच्या मीटरवर बोट ठेवून सांगितलं, "बाबांच्या वेळी 0.5 बार दाखवायची, आता 0.68 दाखवते. सुपरचार्जर अजून ठणठणीत आहे." मी पहिल्याच चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ताणली. 4000 पर्यंत बरी आणि त्यापुढे कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. सुई मात्र वर वर चाललेली. तिथेच मला शंका आली, कारण सुपरचार्जर फिरवणारी पुली तीच, बेल्ट तोच, मग 0.18 बार जास्तीचा आला कुठून?

रूट्स बंधूंनी 1860 मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, ते मुळात हवा ढकलणारं यंत्र. ते आत हवा दाबत नाही. दर फेरीला ठरावीक हवा पुढे लोटतं, एवढंच. पुढे वाट अडली की दाब तयार होतो. म्हणजे मीटरवरचा आकडा इंजिनात किती हवा गेली हे सांगत नाही, किती हवा दारात खोळंबली हे सांगतो. जळालेला वायू बाहेर पडायची वाट तुंबली, की सिलिंडर नीट रिकामा होत नाही, नवी हवा आत घ्यायला जागा उरत नाही, आणि ती इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांत, साठते. सुई वर जाते आणि ताकद खाली येते. वर, आत उरलेल्या गरम वायूमुळे नॉकिंग (पेट्रोल वेळेआधी, वेडंवाकडं भडकणं) सुरू होतं, कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो आणि गाडी आणखी मरगळते. टर्बोवाल्या गाडीत हवा ढकलणारा पंखा जळालेल्या वायूच्या जोरावर फिरतो, म्हणून तिथे बहुधा उलटं होतं: कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तुंबला की टर्बाइन नीट फिरत नाही आणि बूस्ट घटतो. तुमचे मित्र टर्बोच्या सवयीने बोलत असावेत.

हे मी दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "पुस्तकातलं नको सांगूस, मी ती गाडी सहा वर्षं चालवलीय." मग मी मोजायचं ठरवलं.

कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढला. त्याचा आटा बहुतेक गाड्यांत एम-18, 1.5 पिचचा असतो, त्यात बसणारा अडॅप्टर लावून कमी दाबाचा गेज जोडला. निरोगी सायलेन्सरमध्ये आयडलला साधारण 0.1 बारच्या आत आणि उभ्या गाडीत 2500 आरपीएमला 0.2 बारच्या आत आकडा राहायला हवा. आमच्याकडे 2500 ला 0.45 आला. मी तीनदा मोजला, कारण असा आकडा कुणाला सांगायचा तर आधी स्वतःची खात्री हवी.

कॅट उतरवला तर आतली सिरॅमिकची जाळी एका बाजूने वितळून तिचा गोळा झालेला. ही जाळी कॉर्डिएराइटची असते आणि ती वितळायला 1400 अंशांच्या वर तापमान लागतं. नुसत्या धुराने तेवढं होत नाही. कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथे जळावं लागतं. तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल अर्धमेली होती. नंतर दादानेच कबूल केलं की दोन महिने चेक इंजिनचा दिवा मधूनमधून लुकलुकायचा, "पण गाडी चालत होती." दिवा स्थिर पेटणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतोय म्हणजे कॅट जाळणारा मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) चालू आहे, पाय सोडा आणि गाडी थांबवा. हे मला त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, बाबांनी ती गाडी इतकी जपली होती.

तुमच्या टकटकीबद्दल. गार असताना येते आणि दहा मिनिटांत जाते, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (सिलिंडरांतून जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांची) गॅसकेट किंवा ती आवळणारा तुटलेला स्टड असण्याची शक्यता मोठी. धातू तापून फुगला की फट बुजते. नुसता आवाज म्हणून सोडू नका. सेन्सरच्या आधी फट असेल, तर दाबाच्या लहरींमधल्या खळग्यात बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, वाटतं, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आणि त्या जादा पेट्रोलने कॅट तापतो. शोधायला सोपं: इंजिन गार आणि बंद असताना व्हॅक्यूम क्लीनरची फुंक टेलपाइपमधून आत सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी फवारा. आमच्याकडे चौथ्या सिलिंडरच्या टोकाला बुडबुडे आले. तो स्टड काढताना मी घाई केली आणि तो मोडला, ड्रिल करून काढायला अख्खा दिवस गेला. नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि नवे नट तांब्याचा मुलामा असलेले घ्या.

बदल काय केला: कॉइल चारही नव्या, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला अनेक पत्र्यांची स्टीलची गॅसकेट, दर चौरस इंचाला 200 छिद्रांचा धातूच्या जाळीचा कॅट, आणि पुढे 63 मिमीचा पाइप. दोनशे हॉर्सपॉवरच्या आसपासच्या चार सिलिंडरला 63 पुरे, 76 घालून फक्त आवाज वाढतो. पाइप मँड्रेलवर, म्हणजे आतून आधार देऊन, वाकवलेलाच घ्या. साध्या यंत्रावर वाकवलेला पाइप वळणावर चेपतो आणि 63 चे पैसे देऊन तुम्हाला 55 मिळतो. मधला रेझोनेटर, म्हणजे घुमणारा आवाज मारणारा डबा, काढू नका. चार सिलिंडरच्या इंजिनात फेरीला दोन स्फोट, म्हणजे 3000 आरपीएमला बरोबर 100 हर्ट्झची घूं, आणि ती लांबच्या प्रवासात डोक्यात बसते.

निकाल: त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये 80 ते 120 ला आधी 9.1 सेकंद लागायचे, आता 6.8. बूस्ट 0.46.

दादा आला, चालवून बघितली, सुईकडे पाहिलं आणि म्हणाला, "गाडीतला दम काढलास." घड्याळ दाखवलं तर म्हणाला घड्याळाचं काय. तेव्हापासून तो त्या गाडीत बसलेला नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. बूस्ट पडला म्हणजे सगळं छानच, असं धरू नका. बेल्ट घसरत असेल, इंटरकूलरची नळी फाटली असेल किंवा बायपास व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल, तरीही सुई खालीच येते, पण तेव्हा गाडीही मंदावते. म्हणून दोन्ही आकडे घ्या, बूस्ट आणि वेळ. सेंट्रिफ्युगल (पंख्याने हवा आतच दाबणारा) सुपरचार्जर असेल तर माझं वरचं गणित जसंच्या तसं लागू नाही. कॅट काढून सरळ पाइप घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, प्रदूषण चाचणीत अडकाल आणि चांगल्या 200 च्या कॅटपेक्षा फायदाही नगण्य. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून गळती शोधू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सायलेन्सर कुठल्या कंपनीचा, हे मी आत्ता सांगणार नाही. आधी वर सांगितल्याप्रमाणे ऑक्सिजन सेन्सरच्या जागी 2500 आरपीएमचा दाब मोजा आणि सोबत पूर्ण ॲक्सिलरेटरवरचा बूस्ट किती येतो ते लिहा. ते दोन आकडे आले की बोलू.