साठ्याची वही वाचताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

क्षेत्र अधिकारी म्हणून रुजू होताच पेट्रोलपंपांच्या तपासण्या तुझ्या वाट्याला आल्याचे कळले, म्हणून हे पत्र. पेसोचा (पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचा) परवाना, टाकीतली वाफ बाहेर सोडणारा व्हेंट पाइप, वाफ परत घेणारी यंत्रणा हे सारे तपासणीपत्रकात असतेच आणि त्यावर खुणा करायला फार अक्कल लागत नाही. वेळ द्यायचा तो साठ्याच्या वहीला.

पेट्रोल दर अंश सेल्सिअसला साधारण हजारात एक भाग फुगते. म्हणजे 20,000 लिटर माल 5 अंशांनी निवला, तर थेंबही न सांडता सुमारे 100 लिटर कमी भरतात. तापलेला टँकर उतरल्यावर अशी तूट यायचीच, आणि खरी गळती तिच्याच आड लपते. मात्र निवण्याची तूट टँकर उतरल्यानंतर एकदोन दिवसांत थांबते; फुटकी टाकी टँकर न आलेल्या दिवशीही झिरपत राहते. त्यामुळे रात्री पंप बंद होतानाचा डिप, म्हणजे टाकीत काठी बुडवून घेतलेले साठ्याचे माप, आणि सकाळी विक्रीपूर्वीचा डिप यांची तुलना कर. रोज शून्य तफावत दाखवणारी वही बहुधा एकाच बैठकीत भरलेली असते.

एवढे कळूनही मी एकदा फसलो. तालुक्याच्या एका पंपावर रात्र-सकाळचे डिप तंतोतंत जुळले, म्हणून मी निर्धास्तपणे सही केली. आषाढात पलीकडच्या वस्तीतून तक्रार आली की विहिरीच्या पाण्याला वास येतो. पोहरा वर काढला तर पाण्यावर इंद्रधनुषी तवंग होता. टाकी ठणठणीत होती. गळत होता तो टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीचा जोड, आणि तोही मोटर चालू असतानाच. वहीत तूट विक्रीबरोबर वाढत गेलेली होती, पण मी ते मीटरच्या चुकीच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो. पंपाला लागून असलेली विहीर मात्र स्वच्छ निघाली, कारण आपल्या काळ्या खडकात इंधन भेगांच्या वाटेने जाते.

टाकीच्या तळाशी पाणी आहे का ते कळावे म्हणून डिपच्या काठीला लावतात ती, पाण्याने रंग बदलणारी पेस्टही आता पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये शिरलेले पाणी आधी इथेनॉलमध्ये मुरते आणि प्रमाण वाढल्यावरच दोन्हींचा मिळून तळाशी वेगळा थर बसतो. त्या थरात जुन्या पेस्टचा रंग धड बदलत नाही. त्या इंधनासाठी बनवलेली पेस्ट वापरली आहे का, हे डबी हातात घेऊन पाहा.

सोमवारी जाशील तेव्हा विक्री सुरू होण्याआधी पोहोच आणि पहिला डिप व्यवस्थापकाकडून न घेता स्वतः घे.

तुझा शुभचिंतक