गाडीची विचारपूस : डिझेल फिल्टर घरीच बदलायचा म्हणता?

प्रश्न : माझ्याकडे २०१३ची डिझेल कार आहे. जांबोटीहून बेळगावला रोजचं येणं-जाणं. पावसाळ्यापासून सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, आणि गोव्याहून परत येताना चोर्ल्याच्या चढाला गाडी दम सोडते. गॅरेजवाल्यांनी डिझेल फिल्टर बदलायला सांगितलाय. फिल्टर बॉनेटखाली समोरच दिसतो, त्याच्यावर हातानं दाबायचा पंप आहे. भावाकडं पाने आहेत. आम्ही घरीच बदलला तर चालेल काय? – एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : चालेल की. फिल्टर बॉनेटखाली आणि वर हातपंप, म्हणजे निम्मं काम कंपनीनं सोपं करूनच दिलंय. खरं एक आधीच सांगतो. फिल्टर काढणं-घालणं हे काम नव्हेच, ते कुणीही करतं. काम आहे ते दोनच : आत कचरा जाऊ द्यायचा नाही आणि आत गेलेली एअर बाहेर काढायची. उद्यमबागेतल्या माझ्या गॅरेजला घरी फिल्टर बदललेल्या गाड्या टोचन लावून येतात, त्या बहुतेक या दोन्हींपैकी एकात अडकलेल्या असतात.

फिल्टर पावतीसह घ्या आणि गाडीचा चेसिस नंबर दाखवूनच घ्या. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या सालात वेगळा फिल्टर आलेला असतो. बाहेरून सारखा दिसतो आणि पाइपाचं तोंड जुळत नाही. सोबत रबरी रिंग आली आहे का ते दुकानातच बघा. जुनी रिंग परत घालायची नाही. आणि हे काम रविवारी काढू नका. एखादी प्लॅस्टिकची क्लिप तुटली तर सोमवारपर्यंत गाडी दारात उभी.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. मग फिल्टरला हात लावायच्या आधी त्याच्या भोवतीची, पाइपांच्या तोंडांवरची सगळी धूळ पुसून काढा. तुमच्या जांबोटी रस्त्याची तांबडी माती बॉनेटखाली कुठवर गेलेली असते ते तुम्हाला ठाऊक आहे. पुसायला लोकरीचं, सुटे धागे निघणारं फडकं नको. त्यातला एक धागा इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत गेला तर फिल्टरच्या किमतीत वाचवलेले पैसे नोझलवाल्याला कितीतरी पटीनं द्यावे लागतात.

पाइप काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि कुठला टाकीकडून येतो, कुठला इंजिनाकडं जातो त्यावर खूण करा. फिल्टरवर बाण असतो, तो डिझेलच्या वाटेचा. पाइपाच्या क्लिपा दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून सोडायच्या, स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकायच्या नाहीत. दहा-बारा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. खाली ट्रे ठेवा, थोडं डिझेल सांडणारच. रबरी पाइपांवर, बेल्टवर सांडलं तर लगेच पुसा, डिझेलनं रबर फुगतं. पाण्याचा सेन्सर जुन्या फिल्टरच्या बुडाशी असेल तर तो काढून नव्याला बसवायचा. काहीजण जुना फिल्टर फेकून देतात आणि मग सेन्सरसाठी उकिरडा धुंडाळतात.

आता जुन्या फिल्टरकडं वळूया, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच्यात आहे. त्यातलं डिझेल लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ओता आणि चहा होईपर्यंत हलवू नका. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं. वर पिवळसर डिझेल, खाली पाण्याचा थर, आणि मधे आरशासारखी रेघ. थोडंच पाणी असेल तर थर दिसत नाही, तळाला गोल थेंब लोळताना दिसतात. पाणी तांबूस असेल तर कुठंतरी गंज आहे. काळा, बुळबुळीत गाळ असेल तर डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर जिवाणू वाढलेत, आणि तेव्हा नुसत्या फिल्टरनं भागणार नाही, टाकी उतरवून साफ करावी लागेल. काहीच नसेल, नुसता काळपट कागद असेल, तर फिल्टरचं वय झालं होतं एवढंच.

पाणी येतं कुठून? खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली. टाकी पाव भरलेली ठेवली की उरलेल्या जागेत ओली हवा, आणि रात्री गारठ्यानं त्यातलं पाणी टाकीच्या भिंतीवर सुटतं. रोज थोडं थोडं. म्हणून पावसाळ्यात टाकी अर्ध्याच्या वर ठेवा. टाकीच्या झाकणाचं रबर बघा. घरात कॅनमध्ये साठवलेलं डिझेल गाडीत ओतत असाल तर ते बंद करा. आणि फिल्टरच्या बुडाला पाणी काढायचा स्क्रू असेल तर पावसाळ्यात अधूनमधून तो सैल करून पाणी काढत जा.

नवा फिल्टर बसवताना जुने मिस्त्री त्यात वरून डिझेल ओतून भरायचे. कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच नळीतून मोठ्या दाबानं डिझेल देणाऱ्या तुमच्यासारख्या गाडीत, तसं करू नका. इंजिनाकडच्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळताच पंपात जातं, मग फिल्टर कशाला घातला? फिल्टर कोराच बसवा आणि हातपंप दाबत राहा. आधी तो पोकळ लागतो, मग जड होतो, शेवटी दाबता दाबत नाही इतका टणक होतो. तो टणक होईपर्यंत सेल्फ मारायचा नाही. डिझेल हेच इंजिनावरच्या मोठ्या दाबाच्या पंपाचं वंगण. कोरडा फिरवला की पंप झिजतो. मग बॅटरी जोडा, सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, मधे अर्धा मिनिट थांबा. चालू झाल्यावर थोडी मिसिंग करेल, म्हणजे अडखळत चालेल, नंतर सरळ होईल. पाच-दहा मिनिटं चालू ठेवून सगळे जोड बोटानं चाचपून बघा. ओलं लागलं तर बंद करून परत बसवा.

एअर निघत नाही म्हणून कुणी इंजिनावरचे लोखंडी पाइप सैल करायला सांगेल. पूर्वीच्या इंजिनांत तसंच करायचे. तुमच्या गाडीत बिलकूल नाही. टायरमध्ये जेमतेम दोन बार हवा असते. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. पाइप सैल केला की निघणारा डिझेलचा फवारा कातडी फोडून आत शिरतो, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि थेट ऑपरेशन करावं लागतं.

आणि फिल्टर बदलूनही चोर्ल्याला गाडी दम सोडत असेल तर एअर फिल्टर आणि टर्बोचे (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचे) पाइप बघायला घेऊन या. डिझेल फिल्टरवर सगळी पापं लादू नयेत.

प्रश्न : आमची २०१९ची पेट्रोल कार आहे. फिल्टर मागच्या सीटखाली टाकीत असतो असं कळलं. माझे यजमान सीट काढून स्वतः बदलतो म्हणतात. काका, तुम्हीच काय ते सांगा. – एक वाचक भगिनी, संकेश्वर

उत्तर : नको म्हणून सांगा, ताई. माझं नाव घेऊन सांगा. बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर आणि पंप एकत्र टाकीतच असतात. ते उघडायचं म्हणजे पेट्रोलची टाकी घरात उघडायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, फरशीवरून सरपटत जाते. परसात अंघोळीचा बंब पेटलेला असतो, देवापुढं समई असते, ती तिथवर पोचते. शिवाय अशा गाड्यांत हा फिल्टर वरचेवर बदलायचा नसतोच. मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते आधी बघा.

जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुतीत पाइपातला छोटा फिल्टर असतो, तो गार इंजिनावर उघड्या अंगणात बदलता येतो. जुनी गाडी असणाऱ्यांनी आणखी एक बघावं : पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते टाकीतला जुना थर सोडवतं आणि फिल्टर लवकर तुंबतो. जुने रबरी पाइपही त्यानं तडकतात. आपल्या भागातल्या उसाचाच माल तो, तक्रार तरी कुणाकडं करणार!

प्रश्न : कागलचे पाहुणे म्हणतात, तुमच्या कर्नाटकातलं डिझेल खराब, म्हणून फिल्टर तुंबतात. खरं आहे काय? – एक वाचक, निपाणी

उत्तर : पाहुण्यांना चहा पाजा आणि सोडून द्या. दोन राज्यांचा विक्रीकर वेगळा म्हणून भाव वेगळा; माल एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सिक्सच्याच (प्रदूषणाच्या सरकारी नियमाच्या) दर्जाचा. फरक पडतो तो एखाद्या पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर, आणि ते पाणी कोगनोळीचा नाका बघून शिरत नाही. शंका असेल तर पंपावर फिल्टर पेपर मागा, तो द्यावाच लागतो. नोझलमधून पेट्रोलचा एक थेंब त्यावर टाका. वाळल्यावर डाग उरला नाही तर पेट्रोल ठीक. डिझेलवाल्यांनी मात्र हा कागद मागून भांडण काढू नये, डिझेलचा डाग राहणारच. त्यांनी वर सांगितलेली बरणी वापरावी.